नववा भाग

'महिन्याला साधारण किती वापरता?' फोनवरच्या बाईंनी विचारलं आणि मी विजेचं बिल शोधायला लागलो. त्या इंटरनेटबद्दल विचारत होत्या.

२००९ साल. लंडनमधल्या हॅरोत नुकतंच भाड्याचं घर घेतलं होतं आणि पर्याय दोन होते. एक एडीएसएल: टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून येणारं, वेग 'आठ मेगाबिटपर्यंत'. या 'पर्यंत'वर विसंबू नये. एक्स्चेंजपासून घर जितकं लांब, तितका वेग मरतो. आमच्यापर्यंत तीनच पोचत. दुसरा पर्याय केबल. नव्वदच्या दशकात इथल्या शहरांतले फुटपाथ खणून टाकलेली. वेग दहा, वीस, तेव्हा नुकताच पन्नासदेखील. पण पैसे जास्त, करार अठरा महिन्यांचा, आणि संध्याकाळी अख्खी गल्ली एकदम ऑनलाइन आली की तीही सुस्तावते, असं शेजारी सांगत.

मी किराण्याची यादी करावी तसा हिशोब मांडला. एक मेगाबिटचा प्रवाह तासभर चालला तर साडेचारशे एमबी. स्वस्तातल्या एडीएसएलला महिन्याला दहा जीबीची मर्यादा, म्हणजे बावीस तास. ईमेल, बातम्या, शनिवारी बीबीसीच्या आयप्लेयरवर एखादा कार्यक्रम. बावीस तास पुरून उरतील! मी एडीएसएल घेतलं. फोनच्या प्रत्येक सॉकेटला एकेक पांढरा फिल्टर लावला आणि स्वतःच्या काटकसरीवर खूश झालो.

मग व्हिजिटर व्हिसावर, सहा महिन्यांसाठी आई आली.

आईला यूट्यूबवर मराठी नाटकं सापडली. तेव्हा तिथे दहा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढवता येत नसे, त्यामुळे तीन अंकी नाटक पंधरा तुकड्यांत यायचं. दुपारी आई एकेक तुकडा लावायची. मधे गोल चक्र फिरायला लागलं की 'आलेच' म्हणून कुकर लावून यायची. एका नाटकाचा नववा भागच कुणी चढवला नव्हता. आठव्यात नवरा दाराआड लपला होता. दहाव्यात सगळे एकमेकांच्या पाया पडत होते. मधे काय झालं, ते आईने तीन वेळा शोधलं. म्हणजे आठवा आणि दहावाही तीन वेळा पाहिला.

शिवाय रोज स्काइपवर डोंबिवलीची मावशी. एडीएसएलमधला 'ए' म्हणजे असमान. घरात येणारा प्रवाह मोठा, बाहेर जाणारा अर्ध्या मेगाबिटपेक्षाही बारीक. आई डोंबिवलीत असताना हे फार सोयीचं होतं: तिकडून धो धो यायचं, इकडून 'हं' जायचं. आता बोलणारी बारीक टोकाला येऊन बसली. मावशीला ती तोंड उघडलेल्या अवस्थेत गोठलेली दिसायची. केबलचंही जाणारं टोक काही फार रुंद नव्हतं, पण ते मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

सकाळी लाइन तुटली की मी आईच्या मिक्सरकडे संशयाने बघायचो. चटणी आणि इंटरनेट यांचा संबंध लावतोस, म्हणून घरात माझी टिंगल झाली. पुढे २०२० साली वेल्समधल्या अ‍ॅबरहोसन गावची बातमी आली: रोज सकाळी सात वाजता गावभराचं ब्रॉडबँड बसायचं, दीड वर्ष. टेलिफोनच्या तारा सांभाळणाऱ्या ओपनरीच कंपनीच्या इंजिनीअरांनी अखेर शोधून काढलं, एका घरातला जुना टीव्ही सुरू झाला की त्याच्या विद्युत गोंगाटाने तार बिघडायची. ती बातमी मी छापून फ्रिजवर लावली. मिक्सर निर्दोष असेलही, पण माझा संशय मूर्खपणाचा नव्हता.

दुसऱ्याच महिन्यात मर्यादा अकरा तारखेला संपली. वरच्या प्रत्येक जीबीला वेगळे पैसे. 'अरे, मी तर नुसती बघतेय, काही घेतलं कुठे?' आई म्हणाली. शेवटी दंड भरून करार मोडला आणि अमर्याद केबल घेतली. भिंतीला भोक पाडून तार आत आली, ती आई परत जायच्या आठ दिवस आधी.

नंतरच्या महिन्यात आम्ही नऊ जीबी वापरले. करार अजून सतरा महिने होता. रविवारी डोंबिवलीहून फोन आला. आई म्हणाली, 'आता तुमचं नेट जोरात चालतं ना? मग तो नववा भाग बघ बरं, मिळतो का.'