ओलं आहे, पण पाणथळ नाही

नांदेड-लातूरला समुद्र नाही, असं म्हणणाऱ्याने कंधारला यावं. राष्ट्रकूटांच्या काळात तिथे तलाव बांधला आणि नाव ठेवलं 'जगत्तुंग समुद्र'. तळ्याला समुद्र म्हणायची ही आमची जुनी ऐट. हल्लीची रीत उलटी. नजर पोचेल तिथवर पाणी असलं, तरी कागदावर तिथे काही नसतं.

परवा धनेगावला मांजरा धरणावर गेलो होतो. थंडीतली सकाळ. काठच्या चिखलात शेकाटे लाल काड्यांवर उभे, पलीकडे चक्रवाकांची जोडपी, मध्यभागी वारकरी पक्ष्यांची काळी दिंडी, प्रत्येकाच्या कपाळी पांढरा टिळा. हळदीकुंकू बदकंही हजर. मी हरखून म्हणालो, "काय सुंदर पाणथळ!"

सोबतचे अण्णा पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले. दचकून म्हणाले, "पाणथळ म्हणू नका. जलाशय म्हणा. २०१७ चे नियम वाचा."

वाचले. केंद्राच्या त्या नियमांत पाणथळाची व्याख्या मोठी ऐसपैस आहे: दलदल, तळं, खारं, गोडं, नैसर्गिक, मानवनिर्मित. मग हळूच अपवाद येतात. नदीचं पात्र वजा, भातखाचरं वजा, पिण्यासाठी बांधलेला तलाव वजा, सिंचनासाठी बांधलेला वजा. मराठवाड्यातून एवढं वजा केल्यावर उरतं ते एसटी स्टँडसमोरचं पावसाळी डबकं. ते मात्र कुणी बुजवत नाही. संवर्धन म्हणतात ते हेच.

गंमत गोदावरीची. नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वरला ती सिंचनासाठीच अडवली, आणि २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, म्हणून जाहीर झालं. तीच गोदावरी नांदेडला विष्णुपुरीत अडवली, तर ती उपसा सिंचन योजना. हिमालय ओलांडून येणाऱ्या पट्टकादंबाला उंचीचा अंदाज असतो, राजपत्राचा नसतो.

आणि नाव नसलेल्या जागेला मालक फार. पाणी उतरलं की उघड्या गाळावर गाळपेर. त्यातूनही गाळ उरला, तर त्याच २०१७ साली आलेली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना. शेतकऱ्याच्या घासाशी भांडायला मी खुळा नाही. पण तुतवाराने चोच खुपसायची कशात, याला कुठल्याच अर्जात रकाना नाही. नदी सुरय तर उन्हाळ्यात वर आलेल्या बेटांवर अंडी घालते, म्हणजे ऐन जेसीबीच्या हंगामात.

शहरातल्या तळ्यांचं भाग्य वेगळं. त्यांचं सुशोभीकरण होतं. काठाला भिंत, भिंतीलगत फरशी, मध्ये कारंजं, भोवती रंगीत दिवे. उथळ काठ गेला, त्याच्यामागे बदकं गेली. मग निविदा काढून नवी बदकं आणतात: प्लास्टिकची, पायडलची, चार आसनी. ही स्थलांतर करत नाहीत आणि वर तासाचं भाडंही मिळवून देतात.

"तुम्हाला पाखरांचं सुचतं," अण्णा म्हणाले. "२०१६ विसरलात? मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा लातूर जगलं. हे पाणी माणसांसाठी आहे. एकदा पाणथळ म्हटलं, की हात लावायची चोरी."

विसरेन कसा? घागरी घेऊन रांगेत आम्हीही होतो. आपल्यासाठी ती पाण्याची रेल्वे, 'जलदूत', धावली. बदकांनी कोरडं धरण पाहिलं असेल आणि मुकाट पुढची वाट धरली असेल. ना मोर्चा, ना निवेदन.

"अण्णा," मी म्हणालो, "एवढं धरण आटलं ते काय चोचींनी?"

अण्णा बोलले नाहीत. त्यांचा कालव्यालगत तीन एकर ऊस आहे.