मी दमले, म्हणजे दमलो

लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय, हे वाक्य पुण्यात आरामखुर्चीत बसून वाचलं होतं. तेव्हा ते फार रमणीय वाटलं. त्याचा खरा अर्थ, म्हणजे सात वेळा चढायचं, हा ग्रासा नावाच्या टेकडीच्या पायथ्याशी दोन बॅगा आणि एक बायको यांच्यासह उभा राहिलो तेव्हा कळला. बॅगांना चाकं होती. पण लिस्बनचे फुटपाथ म्हणजे पांढऱ्या-काळ्या बारक्या दगडांची, हाताने ठोकून बसवलेली नक्षी. तिला तिकडे 'काल्सादा' म्हणतात. बघायला रांगोळी, चालायला शेवाळलेला घाट. बॅगेचं चाक तिच्यावरून जाताना असा खडखडाट होतो, की वरच्या मजल्यांवरच्या बायका खिडकीत येऊन 'आले वाटतं पाहुणे' अशा नजरेने बघतात.

मी पर्वती चढलेला माणूस आहे. १०३ पायऱ्या, त्यासुद्धा तरुणपणी रोज सकाळी. पण पर्वतीवर देव तरी आहे. इथे वर होती आमची भाड्याची खोली. चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. दारात घरमालकीणबाई उभ्या होत्या. सत्तरी उलटलेली, काळा स्वेटर, हातात भाजीची पिशवी. म्हणजे त्याही नुकत्याच चढून आल्या होत्या. आमच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "कांसादुश?"

प्रवाशांसाठीचं पोर्तुगीज संभाषणाचं पुस्तक मी पाठ करून गेलो होतो. 'माझी छत्री हरवली आहे' आणि 'हा मासा ताजा आहे का?' ही दोन वाक्यं मला झोपेतही म्हणता आली असती. पण प्रवासी दमतो, ही शक्यताच त्या पुस्तकाच्या कर्त्याच्या डोक्यात आलेली नव्हती. माझा कोरा चेहरा बघून बाईंनी पिशवी खाली ठेवली, छातीवर हात ठेवला, कुत्र्यासारखी धाप लागल्याचा अभिनय केला आणि स्वतःकडे बोट दाखवून म्हणाल्या, "श्तो कांसादा!"

मला लख्ख समजलं. मीही छातीवर हात ठेवून ठणकावून म्हणालो, "श्तो कांसादा!"

बाई चौकटीला धरून हसल्या. मी म्हटलं, उच्चार आवडलेला दिसतोय.

पुढचे तीन दिवस मी हे वाक्य मनसोक्त वापरलं. पाववाल्याला सांगितलं, ट्रामच्या ड्रायव्हरला सांगितलं, रस्ता विचारायच्या आधी एका पोलिसालाही सांगितलं. प्रत्येक जण गोड हसला. पोर्तुगीज माणूस मोठा हसतमुख, असं मी डायरीत लिहूनही ठेवलं. चौथ्या दिवशी एका कॉफीच्या दुकानातल्या पोराला माझी दया आली. त्याने कागदाच्या रुमालावर दोन शब्द लिहिले: 'कांसादु', 'कांसादा'. पहिल्यापुढे मिशा काढल्या, दुसऱ्यापुढे वेणी.

म्हणजे तीन दिवस मी लिस्बनभर "मी दमले गं बाई, दमले" असं सांगत हिंडत होतो. मिशांसकट.

एखाद्या इंग्रजाने ही चूक केली तर समजू शकतो. त्याच्या भाषेत बाप्या आणि बाई एकसारखेच दमतात. पण 'दमलो-दमले' आईच्या दुधाबरोबर प्यायलेल्या मराठी माणसाने? बायको मात्र शांत होती. म्हणाली, "शिकवणारी बाई असली की असंच होतं. आपला नातू नाही का, आईचं ऐकून 'मी जेवले' म्हणत?" नातू तीन वर्षांचा आहे. मी त्रेसष्टचा.

व्याकरण सुधारलं, तर कानाने घोळ घातला. लिस्बनचे लोक स्वर गिळतात. लिहितात 'एस्तोउ', म्हणतात 'श्तो', आणि घाई असली तर नुसतंच 'तो'. त्यामुळे मालकीणबाई स्वतःबद्दल "तो कांसादा" म्हणायच्या, आणि माझा मराठी कान 'तो कोण?' म्हणून जिन्यात डोकवायचा. त्यात हे लोक फोन उचलला की 'हॅलो' म्हणत नाहीत; "श्तो!" म्हणतात. म्हणजे 'मी आहे!' वर्गात हजेरी दिल्यासारखं. बाईंनी फोन घेऊन "श्तो!" म्हटलं की पुढचं 'कांसादा' ऐकायला मी थांबून राहायचो. ते यायचंच, पण पलीकडच्या बहिणीचे गुडघे, भाचीचं लग्न आणि बटाट्याचे भाव संपल्यावर.

'आहे' म्हणायला त्यांच्याकडे क्रियापदंही दोन. ढोबळमानाने, जे स्वभावाला चिकटलेलं ते 'सेर', आणि जे आज आहे नि उद्या नसेल ते 'श्तार'. मी पुणेकर आहे, ते 'सेर'. दमलो आहे, ते 'श्तार'. एकदा घाईत मी 'श्तो'च्या जागी 'सो' म्हणून बसलो. बाईंनी भुवया उंचावून विचारलं, "काय, जन्मापासूनच?" त्या नेमक्या काय म्हणाल्या हे बायकोला कळण्याचं काही कारण नव्हतं. तरी तिने मान डोलावली.

दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, की 'कांसादु' हा अगदी बाळबोध शब्द आहे. नुसता कांसादु झालेला माणूस अजून बराच कामाचा असतो. खरे दमलेले लोक वरच्या इयत्तेत बसतात. 'मोईदु' म्हणजे दळलेला. आपण अंगाचं पीठ पडलं म्हणतो तसा. 'श्तोइरादु' म्हणजे फुटलेला. 'द राश्तुश' म्हणजे जमिनीवरून फरपटत चाललेला. 'फेइतु नुं ओइतु' म्हणजे आठाच्या आकड्यासारखा पिळवटलेला. हा आठ त्यांच्या लिपीतला, दोन वेटोळ्यांचा बरं का. आपला देवनागरी आठ नुसता वाकलेला असतो. तेवढं तर आम्ही दुसऱ्या मजल्यावरच व्हायचो. कोपऱ्यावरच्या खाणावळीतला ब्राझीलचा वाढपी रात्री खुर्च्या उलट्या ठेवताना म्हणायचा, "सॉ उ पॉ." नुसती धूळ उरलीय. भाषा तीच, पण त्याचे सगळे स्वर जागच्या जागी. त्या धुळीतलं अक्षरन् अक्षर मला कळायचं.

सर्वांत वरची इयत्ता मात्र मांजरीची. एका दुपारी बाई बाजार घेऊन वर आल्या, खुर्चीत कोसळल्या आणि एक लांबलचक वाक्य बोलल्या. त्यातला 'गाता' मला कळला. गाता म्हणजे मांजर, आणि ती समोरच बसली होती. शेवटी 'राबु' होतं. मला ते आपलं 'राबू' वाटलं. म्हटलं, बाई दमल्यात, मांजरीला कुठेतरी हलवायचं असेल, आता आपणच राबू. मी उठलो आणि मांजर उचलली. तिने माझ्या मनगटावर तीन समांतर रेघा ओढल्या. बाई "नांव, नांव!" ओरडल्या. 'नांव' म्हणजे नाही, हे ठाऊक असूनही त्या क्षणी मी माझं पूर्ण नाव सांगितलं.

रविवारी त्यांची इंग्रजी येणारी नात आली, तेव्हा उलगडा झाला. 'राबु' म्हणजे शेपूट. बाई म्हणाल्या होत्या, "मांजरीला शेपटीला धरून उचलण्याइतकीही ताकद उरली नाही हो." इतकी वर्षं म्हण चालू आहे, मांजरीचं मत कोणी विचारलेलं नाही.

मेल्याची इयत्ता वेगळीच. 'श्तो मोर्तु', मी मेलो. हे आपल्यालाही सवयीचं. आपण दिवसातून चारदा मरतो आणि रात्री आमटी-भात जेवतो. म्हणून हा प्रयोग मला सोपा वाटला. आमच्या ग्रासावरून २८ नंबरची पिवळी ट्राम जाते. जुनी, लाकडी बाकांची, चढावर कण्हणारी. तिच्यात उभं राहून आम्ही शहराच्या या टोकाहून त्या टोकाला गेलो. बसायला जागा मिळाली ती शेवटच्या थांब्याला, जिथे सगळे उतरतात. ड्रायव्हर येऊन म्हणाला, उतरा. मी ऐटीत म्हणालो, "श्तो मोर्तु." तो हसलासुद्धा नाही. त्याने शांतपणे अंगठा समोर केला. समोर कब्रस्तानाचं फाटक होतं.

त्याचं नाव 'प्राझेरेश'. अर्थ, सुखं. १८३३ साली कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा हे कब्रस्तान काढलं. माणसाने दिवसभर दमावं, ट्राम पकडावी आणि शेवटच्या थांब्याला 'सुखं' लागावीत, अशी ही सोय. कवी फेर्नांदु पेसोआला १९३५ साली इथेच पुरलं होतं. हा मोठा विलक्षण माणूस. वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या माणसांच्या वतीने कविता करायचा. त्यातला आल्वारु द कांपुश नावाचा एक कल्पित इंजिनिअर. त्याच्या नावावर थकव्यावरची प्रसिद्ध कविता आहे. एकट्याला न पेलणारा शीण चार नावांवर वाटून टाकायचा, हा सातबाऱ्याला शोभणारा हिशेब मला फार आवडला. पण दगदग त्याचीही चुकली नाही. पन्नास वर्षं निवांत पडल्यावर १९८५ साली त्याला उठवून बेलेंच्या जेरोनिमुश मठात हलवलं. लिस्बनमध्ये मेल्यावरही माणसाला फार वेळ बसू देत नाहीत.

झोपेच्या बाबतीत हे लोक आपल्याहून श्रीमंत. आपल्याला झोप येते. पाहुण्यासारखी, मनात असेल तेव्हा. त्यांच्याकडे ती असते: 'तेंयु सोनु', माझ्याकडे झोप आहे. मुलांच्या डोळ्यांत झोप दाटली की 'जुआंव पेश्ताना', म्हणजे पापणीराव, आले म्हणतात. आणि एकदा जेवणानंतर बाई म्हणाल्या, "जरा निखाऱ्यांवरून जाऊन येते." शब्दकोशात हा अर्थ सापडल्यावर आम्ही दोघं गार झालो. बायको म्हणाली, "या वयात कसला नवस?" आम्ही पाणी घेऊन त्यांच्या दाराशी उभे राहिलो. आतून घोरण्याचा आवाज आला. 'निखाऱ्यांवरून जाणं' म्हणजे डुलकी काढणं.

एका सकाळी बाईंनी सामानाची यादी वाचून दाखवली आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. बाताता, पांव, साबांव. बटाटा, पाव, साबण! 'शाव्ह' म्हणजे चावी. 'पागार' म्हणजे पैसे देणं. त्याचाच आपला पगार. १५१० ते १९६१ इतका काळ गोव्यात राहून त्यांनी आपल्याला लिलाव दिला, तुरुंग दिला, घमेलंही दिलं. दमण्याचा शब्द मात्र आपण घेतला नाही. घमेलं उचलल्यावर काय होतं, ते सांगायला शब्द घरचे भरपूर होते. आयात करावा लागला तो आरामाचा. 'सोसेगादु'चा गोव्यात सुशेगाद झाला. मी बाईंना अभिमानाने सांगितलं, तुमचा हा शब्द आमच्याकडे दुपारच्या व्हरांड्यात पाय पसरून बसलाय. त्यांना नवल वाटलं. त्यांच्याकडे तो पोरांसाठी असतो: "सोसेगादु बस बघू एका जागी!" नेमक्या त्याच वेळी खाली बसायला मी मांजरीची खुर्ची ओढत होतो. तेव्हा हे वाक्य उदाहरण म्हणून आलं की माझ्यासाठी, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

इतके शब्द जमवले, पण ते वापरायची वेळ कधी असते हे शेवटच्या दिवसांत कळलं. जिन्यात रोज भेटणाऱ्या म्हाताऱ्यांना मी कान लावून ऐकत होतो. "कसं काय?" असं विचारल्यावर यातला एकही माणूस फुटलेला, दळलेला किंवा आठ झालेला नसायचा. एक हात कठड्यावर, दुसऱ्यात पिशवी, अजून दोन मजले बाकी, आणि उत्तर एकच: "वाय-सॅ आंदांदु." अर्थ, चालत राहायचं. आपल्या मराठीत, चाललंय. 'अहो, चाललंय' म्हणताना आपला जो आवाज उतरतो नि मान एका अंगाला कलते, तो आवाज आणि ती मान थेट तीच. फुटलेलं नि फरपटलेलं घरच्यांना सांगायचं. जिन्यात भेटणाऱ्याला एवढंच. त्यालाही दोन मजले चढायचे असतात.

निघायच्या दिवशी बाई दारापर्यंत आल्या. "कसं काय?" मी जिन्यातल्या म्हाताऱ्यांच्या चालीवर म्हणालो, "वाय-सॅ आंदांदु." या वेळी त्या हसल्या नाहीत. पास झालो, हे त्यावरूनच कळलं. मग रस्त्याच्या उताराकडे हात करून म्हणाल्या, "उताराला सगळे संत मदत करतात." ही त्यांच्याकडची म्हण.

बायकोने हे भाषांतर ऐकलं आणि म्हणाली, "त्यांना सांगा, आमचे संत चढालाच असतात. माउलींची पालखी दिवे घाट चढून जाते." हे पोर्तुगीजमध्ये कसं सांगावं या विचारात मी बॅगेची मूठ क्षणभर सोडली. काल्सादा गुळगुळीत होती, चाकं नवी होती आणि संत जरा जास्तच मदतीला आले. खिडक्या उघडल्या. मी उभा राहिलो आणि बॅग ग्रासाचा उतार एकटीच उतरू लागली. ती मात्र जराही दमली नव्हती.