दोन सूत माया

(रंगमंचावर टेबल. त्यावर इस्त्री, पारदर्शक चौकोनी पट्टी, जाड पाकिटांची चळत. साठी ओलांडलेली बाई गळ्यात मापाची टेप अडकवून येते. प्रेक्षकांकडे बघतही नाही. पाकीट फोडते, रंगीत कापडी चौकोन काढते, त्यावर पट्टी ठेवते आणि एक डोळा मिटून बघते.)

सव्वाबारा!

(मान वर करून) घड्याळं बघू नका. सव्वाबारा इंच म्हणतेय मी. हा चौकोन साडेबारा हवा होता, पाव इंच कमी भरला. आता मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणणार, "अहो, पाव इंचानं काय होतंय?" डोंबिवलीकरांनी तरी हे विचारू नये. आपल्या लोकलमध्ये चौथी सीट पाव इंचावर बसून ठाण्यापर्यंत जाते!

तर झालं काय, आम्ही दोघं मुलाकडे न्यू जर्सीला गेलो. मुलगा ऑफिसात, सून ऑफिसात, नातू शाळेत. घरात मी, हे आणि डिशवॉशर. तिघांत भांडी घासणारा एकटा डिशवॉशर. सून म्हणाली, "आई, लायब्ररीत दर मंगळवारी क्विल्ट शिवणारे जमतात. जा ना तुम्ही." म्हटलं, क्विल्ट म्हणजे गोधडीच की. जाऊ.

गेले. मशिनं घरघरतायत, कॉफी चाललीय. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "यंदाच्या ब्लॉक स्वॅपचा कारभार कोण बघणार?" सगळ्या जणी छताकडे बघायला लागल्या. म्हटलं चला, आपलंच महिला मंडळ. विचारलं, स्वॅप म्हणजे काय हो? तर म्हणे बारा जणांनी मिळून करायचं. प्रत्येकानं आपापल्या नमुन्याचे बारा चौकोन शिवायचे आणि कारभारणीकडे द्यायचे. ती वाटणी करणार. प्रत्येकाला बारा हातचे बारा चौकोन. तिनाच्या चार ओळी जोडल्या की गोधडी तयार.

अहो, ही तर भिशी! मी सोसायटीची भिशी चालवलेली बाई. कुणाचा रुपया बुडू दिला नाही. केला हात वर.

पण भिशीत पाचशे म्हणजे पाचशे. चारशे नव्वद आणून "उरलेले प्रेमानं समजून घ्या" असं कुणी म्हणत नाही. तिथे म्हणतात! कारण स्वॅप 'फ्रेंडली' आहे. (पट्टी उचलते) मीसुद्धा फ्रेंडली आहे. ही नाही.

आता हिशेब ऐका. आमचे हे रेल्वेत ड्राफ्ट्समन होते. हे निवृत्त झाले, कानावरची पेन्सिल झाली नाही. त्यांनीच मला कागदावर काढून दिलं. एक सोपा ब्लॉक नाइन पॅच, म्हणजे नऊ चौकोनांचा. साडेचार इंचाचे नऊ तुकडे. साडेचार त्रिक साडेतेरा. मध्ये दोन शिवणी. प्रत्येक शिवणीला माया पाव इंच, म्हणजे आपल्या शिंप्याच्या भाषेत दोन सूत. ती दोन्ही तुकड्यांतून जाते, म्हणून एका शिवणीत अर्धा इंच गेला. दोन शिवणींत एक इंच. उरले किती? साडेबारा! पुढे शेजारच्या चौकोनाला जोडताना चारी कडांचे दोन-दोन सूत जातात आणि गोधडीत दिसतात नेमके बारा. बसला हिशेब?

आता तुमची टीप फक्त अर्धं सूत आत गेली, इंचाचा सोळावा हिस्सा. कॉफीचा घोट घेताना जाते एवढी. ती दोन्ही तुकड्यांतून अर्धं-अर्धं खाते, म्हणजे एक सूत. शिवणी दोन, म्हणून दोन सूत. (चौकोन फडकावते) सव्वाबारा! असे चार उभ्या ओळीत आले की गोधडी इंचभर आखूड. आणि शेजारची ओळ बरोबर मापाची असली तर ती काय करणार? फुगणार! मध्येच पोट काढून बसणार!

बरं, दोन सूत म्हणजे दोन सूतही नव्हे. धागाभर कमी. का? शिवण एका बाजूला वळवून इस्त्री केली की घडीत कापड जातं. कापडाला जाडी असते. हे मी ह्यांना सांगितलं तेव्हा हे पहिल्यांदा माझ्याकडे आदरानं बघायला लागले. पहिल्यांदा हां!

आपल्याकडे ब्लाउजला बक्कळ माया ठेवतात. का, ते इथे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी तोंडानं म्हणत नाही. (कमरेवर हात ठेवून) दर दिवाळीला एक टीप उसवायची. चौकोनाला फराळ लागत नाही हो! तिथे माया दोन सूत. जास्त नाही, कमी तर मुळीच नाही. दोन सुतांची दीड सूत झाली, की दोन धुण्यांत कड सुटून कापूस बाहेर डोकावतो.

(दुसरं पाकीट उघडते) हे झगमगबाईंचं. त्यांच्या चौकोनावर भरतकाम, मणी, टिकल्या, कोपऱ्यात लेस. काठ कुठे आहे तो शोधावा लागतो. मोजला, तर बारा इंच तीन सूत! मी म्हटलं, "बाई, एक सूत कमी आहे." त्या हसून म्हणाल्या, "काळजी करू नका, क्विल्टिंग करताना निघून जाईल." तिकडे हे ठरलेलं वाक्य आहे. एकदा तिन्ही थर शिवले की दोष दिसत नाही म्हणे.

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. माझ्या लग्नाच्या बैठकीत, ह्यांच्याबद्दल. "मुलगा जरा विसराळू आहे, पण लग्न झालं की निघून जाईल." (विंगेत बघून) अहो! चष्मा डोक्यावर आहे तुमच्या!

परत पाठवायचं कसं, हा खरा प्रश्न. डोंबिवलीत मी सरळ म्हटलं असतं, "उसव आणि नीट कर." तिकडे तसं चालत नाही. आधी तीन वाक्यं कौतुकाची. सुनेनं मला मजकूर सांगितला: रंगसंगती अप्रतिम, टिकल्या लोभस, तुमचा हात फार गोड. आणि खाली बारीक अक्षरात: एक सूत कमी. झगमगबाईंनी कौतुक फ्रीजवर चिकटवलं. बारीक अक्षर वाचलंच नाही. मग मीच तिसऱ्या वाक्यानंतर चौकोनाचं चित्र काढून लाल पेन्सिलीनं बाण मारले. ते पोचलं.

आणि सगळ्यांत नेमके चौकोन कुणाचे असतील? ट्रकवाल्या आजोबांचे! हसू नका. त्रेपन्न फुटी ट्रेलर उलटा घेत गोदामाच्या दाराला लावण्यात त्यांची हयात गेली. त्यांना दोन सूत म्हणजे मोकळं मैदान. त्यांचे बाराच्या बारा चौकोन एकावर एक ठेवा, कड चाकूनं कापल्यासारखी. मी विचारलं, "कसं जमतं हो?" ते म्हणाले, "मी सुईकडे बघतच नाही. मशीनवर पाव इंचाची खूण चिकटवलीय. कापडाची कड त्या खुणेला लावून चालवतो." सुई काय, खालीवर होणारच! तिच्याकडे बघत बसलं की हात वाकडा जातो.

टाके मात्र नर्सबाईंचे बघावेत. इंचाला बारा. मशीनचा आकडा दोनवर. कारण चौकोनाच्या कडेला टीप मागेपुढे करून बंद करत नाहीत, पुढची शिवण तिच्यावरून जाते आणि तिला धरते. तोवर चौकोन हाताळला जाणार, ओढला जाणार. टाका मोठा असला तर टोकाकडून उसवत येतो. नर्सबाई म्हणाल्या, "मी शिवलेलं आजवर उसवलं नाही." कशाबद्दल म्हणाल्या ते मी विचारलं नाही.

(इस्त्री उचलते) आता ही. तुम्ही पँटीवर इस्त्री कशी करता? (जोरात सरकवून दाखवते) गेला चौकोन! कापलेली कड तिरपी असेल तर ती रबरासारखी ताणते. ठेवायची, उचलायची. ठेवायची, उचलायची. शिवण गडद कापडाकडे वळवायची, म्हणजे फिक्या कापडाखालून रेघ दिसत नाही. आणि एका रांगेच्या शिवणी उजवीकडे वळवल्या, तर खालच्या रांगेच्या डावीकडे. मग दोन रांगा समोरासमोर आल्या की शिवणी एकमेकींत अशा बसतात (दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवते)... बोटानं चाचपलं तरी कळतं. चारी कोपरे एका ठिपक्यात भेटतात. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी नातवाला शाळेतून आणायचं विसरले.

रक्तपात झाला तो एकाच विषयावर: कापड आधी धुवायचं की नाही? निम्म्या जणी म्हणाल्या धुवायचं, निम्म्या म्हणाल्या कोऱ्या कापडाचा कडकपणा जातो, कापायला अवघड होतं. दोघींचंही खरं. धुतलं तर खळ घालून कडक करता येतं. पण सहा जणींनी धुतलं आणि सहा जणींनी नाही, तर पुरी झालेली गोधडी पहिल्या धुण्यात निम्मी आटणार. मी कारभारीण. निकाल दिला: सगळ्यांनी धुवायचं! आणि लाल कापड माझ्यासमोर आणायचं. ओला पांढरा रुमाल त्यावर ठेवून गरम इस्त्री दाबली. रुमाल गुलाबी, की कापड बाद.

हे सगळं साताऱ्याला सासूबाईंना व्हिडिओवर दाखवलं. नव्वदीच्या आहेत. बराच वेळ बघून म्हणाल्या, "नवं कापड? कुणाचं लुगडं विटलं नाही, कुणाचं धोतर फाटलं नाही, मग वाकळ कशाची?" पुढे म्हणाल्या, "आम्ही कधी पट्टी लावली नाही गं. तरी चाळीस वर्षं टिकली."

बरोबर आहे त्यांचं. त्यांच्या वाकळेत तळाला अख्खी लुगडी असायची, थरावर थर. ठिगळं त्यावर ठेवायची, वाकडी का असेनात, आणि कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा घालायचा. प्रत्येक टाका सगळ्या थरांतून आरपार. ताण पडला तर तो अख्ख्या लुगड्यावर. ह्या चौकोनाच्या (धरून दाखवते, मागून उजेड दिसतो) मागे काय आहे? काही नाही. तुकड्याला तुकडा धरून ठेवतेय ती शिवण. तिच्या दोन सूत मायेवर सगळा संसार. शिवाय सासूबाईंची वाकळ एका हातची. चुकलं तर त्यांचं त्यांना. इथे मी घाईत ओढलेली टीप दुसरीच्या घरी जाणार, तिच्या नातवाच्या अंगावर पडणार. म्हणून मी पट्टी लावते.

वाटणीच्या दिवशी प्रत्येकीनं चौकोनामागे न जाणाऱ्या शाईच्या पेननं नाव लिहिलं. जुनी रीत आहे. 1840 च्या दशकात बाल्टिमोरच्या बायका अशा चौकोनांवर शाईनं नावं घालायच्या. मी माझ्या बाराही चौकोनांवर देवनागरीत लिहिलं. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "काय लिहिलंय?" म्हटलं, "सप्रेम भेट." आपल्याकडे पातेल्यावर घालतात तेच.

झगमगबाईंचे चौकोनही आले हो शेवटी. एका बाजूनं पट्टी जोडून माप पुरं करून आणले. पट्टीवर परत टिकल्या. पण साडेबारा!

तर मंडळी, आता कामाचं बोलते. डोंबिवलीत पहिला स्वॅप मी सुरू करतेय. अकरा जण हवेत, बायका किंवा पुरुष, बारावी मी. यादी दाराशी ठेवलीय, पेन बांधलेलं आहे. कापड सुती आणि धुतलेलं. माप साडेबारा इंच. आणि बाराच्या बारा एकदम शिवायला बसू नका. आधी एक शिवा, तो मला आणून दाखवा, मी मोजेन आणि मगच दुसऱ्याला हात लावा.