घरबसल्या खाणकाम : इंदिरानगर भागासाठी मार्गदर्शिका

स्कायरिम या खेळातील खाणकामाला पर्यावरण मंजुरी लागत नाही, रॉयल्टी भरावी लागत नाही आणि ग्रामसभेचा ठरावही लागत नाही. एक टिकाव आणि पाठ टेकायला खुर्ची एवढ्या भांडवलावर धंदा सुरू होतो. नाशिकच्या इंदिरानगरात राहणाऱ्याला तसा दुसरा पर्यायही नाही. या भागाखाली दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. जवळच्याच डोंगरात तो कोरून पांडवलेणी झाली. याच जातीच्या खडकाच्या पोकळ्यांतले झिओलाइटचे स्फटिक सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेआड मांडलेले आहेत. मात्र भट्टीत घालून लोखंड किंवा सोने काढावे असे काही या दगडात मिळत नाही. त्यामुळे धातूसाठी बेथेस्डा कंपनीच्या, ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आलेल्या या खेळात उतरणे क्रमप्राप्त ठरते.

टिकाव विकत घेऊ नये. बहुतेक खाणींत कुणीतरी तो विसरलेला असतो. खोदण्याच्या पद्धती दोन. पहिल्या पद्धतीत धातूच्या शिरेजवळ जाऊन बटण दाबले की पात्र स्वतःच खोदू लागते. ते इतक्या सावकाश खोदते की रोजंदारीवर आहे की काय अशी शंका यावी. दुसऱ्या पद्धतीत टिकाव शस्त्रासारखा हातात धरून शिरेवर सरळ हल्ला चढवावा. धातुक तेवढेच मिळते, वेळ बराच वाचतो. दोन्ही हातांत एकेक टिकाव घेतल्यास काम आणखी लवकर आटोपते. एका शिरेतून साधारण तीन तुकडे निघतात, मग ती रिकामी होते.

कुठे खोदावे, याची फार चर्चा करण्यासारखे नाही. नवशिक्याने रिव्हरवूडजवळच्या एंबरशार्ड खाणीतल्या लोखंडापासून सुरुवात करावी. मार्कार्थजवळच्या कोल्स्केगर खाणीत सोने आहे, पण तिचा ताबा फॉर्सवॉर्न टोळीकडे असतो. ग्लूमबाउंड खाणीतल्या एबनी या धातूसाठी ऑर्क जातीत जन्म घ्यावा, अन्यथा आधी तिथल्या ऑर्क वस्तीचा विश्वास संपादन करावा लागतो.

खरा प्रश्न खोदण्याचा नाहीच, वाहून नेण्याचा आहे. खाणकाम म्हणून जे काही सांगितले जाते त्यातला मोठा भाग हमालीचा असतो, हे या विषयावरचे उत्साही मार्गदर्शक सहसा लपवतात. सुरुवातीला पात्राची भारमर्यादा ३०० असते. धातुकाच्या प्रत्येक तुकड्याचे वजन १, टिकावाचे १०. चिलखत, तलवारी आणि वाटेत उगाच उचललेले चीजचे गोळे धरले तर मर्यादा खाणीच्या निम्म्यातच संपते. ती एकाने जरी ओलांडली तरी पळता येत नाही, नकाशावरून झटपट प्रवासही करता येत नाही. मग भट्टीपर्यंतचे अंतर संध्याकाळी सात वाजता इंदिरानगर बोगद्यात शिरलेल्या रिक्षाच्या वेगाने कापावे लागते.

यावर तीन उपाय आहेत. लेव्हल वाढताना स्टॅमिना निवडला की भारमर्यादा ५ ने वाढते. हा भविष्य निर्वाह निधीसारखा संथ मार्ग. स्टीड नावाच्या शिळेला हात लावला की एकदम १०० ची भर पडते. तिसरा उपाय म्हणजे सोबती. व्हाइटरन शहराची ठाणेदारी मिळाल्यावर लीडिया नावाची अंगरक्षक मिळते. तिच्या पाठीवर हवे ते लादावे. तिची मर्यादा भरली तर उरलेला माल जमिनीवर टाकून तिला उचलायला सांगावा. हातात दिलेली वस्तू नाकारणारी लीडिया जमिनीवरची मुकाट उचलते. नेमक्या याच टप्प्यावर स्वयंपाकघरातून 'अरे, गिरणी बंद व्हायच्या आत दळणाचा डबा घेऊन ये' अशी हाक येण्याची शक्यता असते. या कामासाठी सोबती मिळत नाही आणि डबा जमिनीवर ठेवूनही उपयोग होत नाही.

भट्टीत लोखंडाच्या एका तुकड्याची एक लगड होते. चांदी, सोने, एबनी यांचे दोन तुकडे लागतात. लगडीचे वजनही १ च. म्हणजे लोखंड सोडून बाकी धातू जवळच्या भट्टीत वितळवले की ओझे निम्मे होते. ड्वेमर लोकांच्या भंगाराला मात्र शाळेत शिकलेला द्रव्य अक्षय्यतेचा नियम लागू नाही. २ वजनाच्या वाकड्या पत्र्यातून तीन लगडी निघतात आणि २५ वजनाच्या भरीव ठोकळ्यातून अवघ्या पाच. ठोकळा पाहून हुरळणाऱ्याने याची नोंद घ्यावी.

व्हाइटरनच्या उत्तरेला हॉल्टेड स्ट्रीम नावाच्या दरोडेखोरांच्या तळावर एक पुस्तक मिळते. त्यातल्या मंत्राने लोखंडाची चांदी आणि चांदीचे सोने होते. २ नाण्यांचा तुकडा २५ चा आणि मग ५० चा होतो. असे दोन वितळवले की १०० नाण्यांची लगड. मंत्राची मूळ किंमत ८८ मॅजिका, म्हणजे मंत्रशक्ती, आणि नवख्याची शिल्लक साधारण १००, तेव्हा प्रत्येक मंत्रानंतर तासभर थांबणे आले. एका लगडीला चार मंत्र. किमया म्हणतात ती हीच, आणि ती अतिशय कंटाळवाणी आहे.

थांबणे हाही या उद्योगाचाच भाग. पूर्ण साफ केलेली खाण खेळातल्या ३० दिवसांनी पुन्हा भरते, एरवी १० दिवसांनी. मात्र मध्येच आत डोकावले तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. खेळातला काळ खऱ्यापेक्षा वीसपट वेगाने जातो. तरीही ३० दिवस म्हणजे खऱ्या आयुष्यातले ३६ तास, आणि तेवढ्यात सुट्टीचे दोन्ही दिवस संपतात. त्याऐवजी प्रतीक्षेची आज्ञा वापरावी. एका वेळी जास्तीत जास्त २४ तास पुढे जाता येते, म्हणजे तीस वेळा बटण. प्रत्येक प्रतीक्षेला खेळ आपोआप सेव्ह होतो, हा सोसायटीतली वीज जाण्यावरचा सर्वांत स्वस्त तोडगा आहे. प्रत्यक्ष खोदताना मात्र संगणकावर एफ ५ दाबण्याची सवय हवी. इन्व्हर्टर पंख्याला जोडलेला असतो, संगणकाला नाही, हे अनेकांना अंधारातच कळते.

माल साठवण्यासाठी व्हाइटरनमधले ब्रीझहोम हे घर ५००० नाण्यांना मिळते. तिथल्या पेटीला भारमर्यादा नाही. वाटेतल्या पिंपांत माल ठेवू नये. खाणीबरोबर पिंपही नव्याने भरते आणि ठेवलेले नाहीसे होते. लोहाराला सगळ्या लगडी एकदम विकता येत नाहीत, कारण त्याच्या गल्ल्यात सुरुवातीला १००० च्या आसपासच नाणी असतात आणि तो पुन्हा भरायला दोन दिवस लागतात. लगडींपासून काय घडवावे, याबाबत शेकडो लोखंडी खंजीर ठोकत बसण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. २०१२ मधल्या १.५ या सुधारणेपासून लोहारकामाचे कौशल्य वस्तूच्या किमतीप्रमाणे वाढते, त्यामुळे तो सल्ला कालबाह्य आहे. खंजीर सोडून सोन्याच्या अंगठ्या कराव्यात. त्यांना सोन्याच्या लगडीखेरीज काही लागत नाही.