नदीपलीकडचं मत

मराठीत एक मोठी सोय आहे. मनात असतं तेही मत आणि पेटीत पडतं तेही मतच. त्यामुळे मनातलं तेच पेटीत उतरतं, असा आपला एक भाबडा समज होऊन बसतो. २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता मुलीकडे एडिसनला, न्यू जर्सीत, जाऊन पोचलो आणि पंधरवड्यात लक्षात आलं, की अमेरिकेने या दोन वस्तू वेगवेगळ्या राज्यांत ठेवल्या आहेत. मधून एक नदी वाहते. अलीकडे नुसतीच मतं, पलीकडे नुसतंच मत.

अलीकडचं आधी सांगतो. तिथला राष्ट्राध्यक्ष देशभरातली सगळी मतं एकत्र मोजून ठरत नाही. राज्याराज्यांचे मिळून ५३८ प्रतिनिधी. त्यातले २७० ज्याचे, तो राष्ट्राध्यक्ष. आणि दोन राज्यं सोडली तर ज्याला एक मत जास्त, त्याच्या पदरात त्या राज्याचे सगळेच्या सगळे. न्यू जर्सी १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलेलं. तेव्हा इथे प्रचार करणं म्हणजे सासरी नांदणाऱ्या मुलीसाठी स्थळं बघत हिंडणं. कमला हॅरिस काय किंवा डोनाल्ड ट्रम्प काय, दोघांचाही जीव सात राज्यांत अडकलेला आणि त्या सातांत न्यू जर्सी नाही. दोन महिन्यांत मुलीच्या दाराशी प्रचाराला कोणी फिरकलं नाही. एकदा बेल वाजली, मी मोठ्या आशेने दार उघडलं, तर छपरावर सोलर बसवून देणारा निघाला.

मतांना मात्र तोटा नव्हता. आमचे जावई २०१३ पासून ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत. कर भरतात, घराचे हप्ते भरतात, थंडीत फुटपाथवरचा बर्फही नियमाने उपसतात. कार्ड आलं की आणखी पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज, आणि मग मत. या वेगाने नात आधी निवडणुकीला उभी राहील. तिच्या तिसरीच्या वर्गात लुटुपुटूचं मतदान झालं, त्यामुळे त्या घरात मत दिलेली ती एकटीच. कुणाला दिलंस, असं विचारलं तर म्हणाली, "दॅट्स प्रायव्हेट, आजोबा."

पण खरी मतं आम्हा आई-बापांकडे. सहा महिन्यांचा शिक्का मारून आलेल्यांची तळ्याकाठच्या बागेत रोज सकाळी बैठक भरे. राज्यं वाटून घेतलेली होती. सांगलीचे एक निवृत्त मुख्याध्यापक विस्कॉन्सिन बघायचे, ठाण्याचे बँकवाले जॉर्जिया, आणि नागपूरकरांकडे ॲरिझोना होतं, कारण ऊन. मिशिगनचा विषय निघाला की श्री ठाणेदारांचं नाव निघणारच. बेळगावात वाढलेला माणूस तिथून खासदार झालेला. बाकावरच्या निम्म्या लोकांचे त्यांच्याशी दूरचे संबंध निघाले. यातल्या एकालाही अमेरिकेत मत नव्हतं. दोघांना इंग्रजी नीटसं समजत नव्हतं. त्यांची मतं सर्वांत ठाम.

अशात २५ ऑक्टोबरला वॉशिंग्टन पोस्टने जाहीर केलं, की या निवडणुकीत आम्ही कोणाचीच बाजू घेणार नाही. ज्याच्या दुकानात मतांशिवाय दुसरा माल नाही, त्याने ‘मत शिल्लक नाही’ अशी पाटी लावावी, तसं झालं. अडीच लाखांच्या आसपास वाचकांनी वर्गणी बंद केल्याच्या बातम्या आल्या. मी घाबरून आमच्या संपादकांना फोन लावला, की माझ्या सदरात मत नसलं तर आपले किती वाचक तुटतील? ते म्हणाले, "आजवर असायचं का?"

तिकडच्या मतदारांची एक तऱ्हा मात्र मला मनापासून आवडली. आपल्याकडे नेत्याने शिवी दिली की माफी मागा म्हणून मोर्चा निघतो. तिकडे शिवीचा टी-शर्ट निघतो. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्पच्या निम्म्या समर्थकांना एका टोपलीत भरून निंद्य ठरवलं, तर त्या लोकांनी तोच शब्द छातीवर छापून घेतला. या वेळी जे. डी. व्हान्स यांचं जुनं बोलणं वर आलं, की मूलबाळ नसलेल्या मांजरवाल्या बायका देश चालवताहेत. टेलर स्विफ्टने मांजर कडेवर घेतलेला फोटो टाकून खाली सहीच तशी केली. मग २७ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ट्रम्प यांच्या सभेत एका विनोदवीराने पोर्टो रिकोला समुद्रात तरंगणारं कचऱ्याचं बेट म्हटलं. पेनसिल्व्हेनियात पोर्टो रिकन लोक चार लाखांवर. आता या विनोदाचं बिल ट्रम्प यांच्याच नावे फाटणार, असं वाटत असतानाच बायडेन मदतीला धावून आले, ते ट्रम्प यांच्या. त्यांच्या तोंडून समर्थकांबद्दल कचरा हा शब्द गेला की समर्थकाबद्दल, यावर दोन दिवस षष्ठीच्या प्रत्ययाचा काथ्याकूट झाला. तोवर ट्रम्प नारिंगी जाकीट घालून विस्कॉन्सिनमध्ये कचऱ्याच्या ट्रकमध्ये चढून बसले आणि त्यांचे लोक काळ्या पिशव्या अंगात घालून सभांना येऊ लागले. आमची मुलगी ज्या पिशव्या रात्री दाराबाहेर ठेवते, त्याच. मुख्याध्यापक म्हणाले, आमच्या शाळेत गणवेशाला इतका उत्साह कधी दिसला नाही.

यात ट्रम्प यांच्या पक्षाच्या मिलवॉकीच्या अधिवेशनातले लोक राहिलेच. नेत्याच्या उजव्या कानाला गोळी चाटून गेली, तर कान धडधाकट असलेले प्रतिनिधी उजव्या कानाला पांढरी पट्टी लावून बसले होते. भक्तीत आपण पुढे आहोत, असा माझा समज होता. तो मी मागे घेतला.

भाऊबीज आली ३ नोव्हेंबरला, रविवारी, मंगळवारी मतदान. त्या रविवारी पहाटेच तिकडची घड्याळं एक तास मागे सरकतात, म्हणजे प्रचाराला वरकड एक तास मिळाला. माझी धाकटी बहीण डेलावेअर नदीच्या पलीकडे, पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत राहते. नदीच्या पुलावर टोल लागतो तो फक्त पेनसिल्व्हेनियात शिरताना. न्यू जर्सीकडे परतताना नाही. मताला जिथे भाव आहे तिकडे जायचे पैसे पडतात आणि जिथे नाही तिकडे फुकट सोडतात. इतका रास्त टोल मी आजवर भरला नव्हता. जॉर्ज वॉशिंग्टनने १७७६ मध्ये नाताळच्या रात्री, बर्फाच्या लाद्या चुकवत हीच नदी ओलांडली होती, पण पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सीकडे. त्या काळी न्यू जर्सीला महत्त्व असावं.

पलीकडे उतरलो आणि वेगळाच देश लागला. दर अंगणात पाट्या. कोपऱ्यावरच्या एका घरापुढे दोन्ही उमेदवारांच्या, मधोमध झेंडूची कुंडी ठेवून. तिथे नवरा-बायको राहतात, असं बहिणीने सांगितलं.

आमचे मेहुणे निवृत्त इंजिनिअर. भाजी कुठली करू, असं विचारलं तरी "बघू" म्हणणारा माणूस. आमच्या आईने लग्न ठरवताना याला घुमेपणा म्हटलं होतं. पेनसिल्व्हेनियात याला काठावरचा मतदार म्हणतात आणि त्याच्यासाठी उमेदवार विमानाने येतात. जूनमध्ये बायडेन उभे होते तेव्हा ते "बघू" म्हणाले, जुलैत बायडेन बसले तरी "बघू" म्हणाले. अधिक महिन्यात जावयाचे होणार नाहीत इतके लाड त्यांचे चालले होते. तेहतीस अनारसे तेवढे यायचे राहिले होते. हॅरिसबाई १६ ऑक्टोबरला वॉशिंग्टनने नदी ओलांडली त्याच ठिकाणी, चक्क रिपब्लिकनांना सोबत घेऊन सभा करून गेल्या. चारच दिवसांनी ट्रम्प त्याच काउंटीतल्या मॅकडोनाल्डमध्ये ॲप्रन बांधून बटाट्याचे काप तळून गेले.

"मग? काही ठरलं का?" मी विचारलं.

"सभेला गेलो असतो, पण पार्किंग लांब होतं," मेहुणे म्हणाले. "आणि तळलेलं मला डॉक्टरांनी बंद केलंय. यावरून ठरवायचं कसं?"

मग त्यांनी गॅरेजमधून एक मोठी पिशवी आणली. टपालाने आलेली प्रचाराची पत्रकं त्यांनी जूनपासून जपून ठेवली होती. भारतात येताना बॅगा तोलायचा काटा त्या घरात खुंटीलाच असतो. पिशवी काट्याला लावली. सहा किलो चारशे. निम्म्या पत्रकांत लिहिलं होतं की तो आला तर देश संपेल, निम्म्यांत ती आली तर. मेहुणे म्हणाले, वजनात दोघं जवळपास सारखे आहेत, मी वेगवेगळे करून पाहिलेत.

बहीण तबक घेऊन ओवाळायला आली आणि निरांजन लावताच बेल वाजली. हॅरिस यांच्या बाजूची एक मुलगी. तिला वाटेला लावून बहीण परत येते तो पुन्हा बेल. ट्रम्प यांच्या बाजूचा एक मुलगा, हातात यादी, यादीत मेहुण्यांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह. सणाला दारी आलेल्याला विन्मुख कसं पाठवायचं, म्हणून बहिणीने दोघांनाही चकली दिली. दोघांनीही आणखी एक मागून घेतली. त्या मोसमात दोन्ही पक्षांचं एकमत झालेला एवढा एकच मुद्दा मी पाहिला. निरांजन तेवढ्यात विझलं.

जेवताना इलॉन मस्क यांचा विषय निघाला. सात राज्यांतल्या नोंदणी झालेल्या मतदाराने त्यांच्या एका अर्जावर सही करायची. सही करणाऱ्यांतून रोज एकाला दहा लाख डॉलर. आपल्याकडे पाकीट म्हटलं की लोक आवाज खाली आणतात. तिकडे पाकिटाऐवजी दरवाज्याएवढा चेक मंचावर उभा धरतात आणि फोटो काढतात. फिलाडेल्फियाच्या सरकारी वकिलांनी ही बेकायदा लॉटरी आहे म्हणून दावा लावला, तर मस्क यांच्या बाजूने कोर्टात सांगितलं गेलं, की छे, ही सोडत नव्हेच, माणसं आम्हीच निवडतो. कोर्टाने मतदानाच्या आदल्या दिवशी, चालू द्या म्हटलं. भिशीत हे कोणी सांगितलं असतं तर बायकांनी त्याला खुर्चीवरून उठू दिलं नसतं. मेहुण्यांनी सही केली का? "बघू म्हटलं होतं."

एवढ्यात टीव्हीवर ती जाहिरात लागली. आवाज ज्युलिया रॉबर्ट्सचा. एक बाई मतदानाला जाते, नवरा बाहेर उभा. ती हॅरिसना मत देते. बाहेर आल्यावर नवरा विचारतो, बरोबर दिलंस ना? ती हो म्हणते. सांगणं इतकंच, की आत काय केलंत ते कुणाला कळायची गरज नाही. मेहुणे म्हणाले, या जाहिरातीने देशात मोठी खळबळ आहे. फॉक्स वाहिनीच्या जेसी वॉटर्स यांनी तर सांगून टाकलं, की आपल्या बायकोने असं गुपचूप हॅरिसना मत दिलेलं निघालं तर ते बाहेर संधान बांधल्यासारखंच झालं.

"वन्सं, यात जाहिरात करण्यासारखं काय आहे हो?" ही शांतपणे म्हणाली. "चाळीस वर्षं मी दुसरं काय केलंय?"

माझा घास हातात राहिला. १९८४ पासूनच्या सगळ्या निवडणुका डोळ्यांपुढून गेल्या. आम्ही घरून बरोबर निघतो. शाळेच्या फाटकापर्यंत मी हिला परिस्थिती समजावून सांगतो, ही "हं" म्हणते. ते "हं" मी इतकी वर्षं आमच्या पक्षाच्या खात्यात जमा करत आलो होतो.

निकालाचं काय सांगायचं, तो सर्वांना ठाऊक आहे. ट्रम्प यांना ३१२, हॅरिस यांना २२६. सातही राज्यं ट्रम्प यांची. मेहुणे मंगळवारी मत देऊन आले, कुणाला ते म्हणाले नाहीत. बक्स काउंटीत ट्रम्प पुढे राहिले ते जेमतेम काही शे मतांनी. तेव्हापासून मेहुणे रात्री दचकून उठतात, असं बहिणीचा फोन सांगतो. न्यू जर्सी हॅरिसनाच मिळालं, पण मागच्या वेळी सोळा टक्क्यांच्या घरात असलेला फरक सहाच्या आत आला. पुढच्या खेपेला आपलीही बेल वाजणार, म्हणून जावई खुशीत होते. तोवर सोलरवाला दोनदा येऊन गेला होता.

आम्ही मुद्दाम तिकीट अलीकडे ओढून पुण्याला परतलो. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं आणि दोन महिने साठवलेली मतं घेऊन मी अगदी भरून आलो होतो. शाळेबाहेर टेबल टाकून बसलेल्या पोराने यादीवर बोट फिरवलं. हिचं नाव लगेच सापडलं, अनुक्रमांकाची चिठ्ठीही मिळाली. माझं नाव नव्हतं. त्याने पुढची पानं पाहिली, मागची पाहिली, शेजारच्या टेबलावरच्या विरोधी पक्षाच्या पोराकडची यादीही उसनी घेऊन पाहिली.

"काका, लोकसभेला होतं का?"

"होतं."

"मग असायला पाहिजे," तो म्हणाला आणि मागच्या माणसाची चिठ्ठी लिहायला लागला.

आत फोन नेऊ देत नाहीत. ही मला फोन आणि पर्स देऊन रांगेत गेली. मी फाटकाबाहेर, पर्स काखेत धरून पाऊण तास उभा होतो. माझ्यासारखे आणखी दोघं होते, त्यांनाही राज्याबद्दल बरंच काही म्हणायचं होतं. ही बाहेर आली तेव्हा बोटावरची शाई अजून ओली होती.

"बरोबर दिलंस ना?" मी विचारलं.

"हं," ती म्हणाली.