ठेवणीतलं औषध

पाहुण्यांसाठी म्हणून आणलेल्या कपबशा ज्यांच्या कपाटात वीस-वीस वर्षं पडून असतात, त्या जातीचा माणूस जपानी गेम कसा खेळतो हे बघायचं असेल, तर माझ्या आतेभावाकडे चला. सगळे त्याला दादा म्हणतात. नुकताच तो 'फायनल फॅन्टसी सेव्हन' दुसऱ्यांदा खेळला. कॉलेजात असताना प्लेस्टेशनवर, तीन सीडी बदलत खेळला होता. आता तोच १९९७चा गेम फोनवर.

यातली लढाई पत्त्यांसारखी निवांत नाही. प्रत्येकाची एक पट्टी भरत असते. भरली की त्याची पाळी. शत्रूचीही भरत असते, आणि तुमचा विचार संपेपर्यंत तो काही थांबत नाही. ही युक्ती हिरोयुकी इतो यांची, १९९१च्या चौथ्या भागातली. फॉर्म्युला वन शर्यती बघताना सुचली म्हणतात. दादाने पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये 'वेट' लावलं. आता जादूची नाहीतर औषधांची यादी उघडली की काळच थांबतो. शर्यतीच्या गाडीत बसून हा भाजी निवडतो.

मार खाऊन खाऊन 'लिमिट'ची पट्टी भरते, तेव्हा साध्या 'अटॅक'च्या जागी जबरदस्त हल्ला येऊन बसतो. म्हणजे लिमिट राखायची तर साधा वारही करता येत नाही. दुसरा कोणी लगेच वापरून मोकळा होईल. दादा ती 'मोठ्या कामाला' ठेवतो. तोवर नायक क्लाउड, पाठीवर दाराच्या फळीएवढी तलवार घेऊन, बेडकांवर जादूचे निखारे फेकत बसतो.

क्लाउडची सोबतीण एरिथ, तिची गोष्ट तर विचारूच नका. (गेम खेळायचा राहिला असेल तर हा परिच्छेद सोडा. पण इतक्या वर्षांनी कसलं आलंय गुपित!) 'ग्रेट गॉस्पेल' ही तिची शेवटची लिमिट. सगळ्यांना ठणठणीत करते, वर काही वेळ मारच लागू देत नाही. ती मिळवायला दादाने कितीतरी रात्री घालवल्या. मिळाली. वापरली एकदाही नाही. पहिल्या सीडीच्या शेवटी खलनायक सेफिरोथने एरिथला मारलं, आणि ग्रेट गॉस्पेल तिच्याबरोबर गेली.

"दादा, ती जाणार हे तुला माहीत होतं ना?"

"होतं रे. पण सीडी संपायला अजून वेळ आहे असं वाटलं."

फोनवर सीडी कुठली, हे मी विचारलं नाही.

खरी ठेव मात्र औषधांची. एलिक्सर एकाला पूर्ण बरं करतं, मेगालिक्सर सगळ्यांना. मेगालिक्सरला जपानीत 'लास्ट एलिक्सर' म्हणतात. बाटलीवरच 'शेवटचं' लिहिल्यावर बूच कोण काढणार? या सवयीला तिकडे 'एलिक्सर सिंड्रोम' असं नावच पडलंय, म्हणजे दादाचे भाऊबंद जपानभर आहेत.

परवा सेफिरोथशी शेवटची झुंज झाली. हजारांनी रक्त जात होतं, आणि दादा शंभराची भर घालणारं साधं पोशन पाजत होता. वहिनी मागून म्हणाल्या, "अहो, ते चांगलं औषध काढा की आता!"

"थांब गं, अजून वेळ आलेली नाही."

कसाबसा जिंकला. एकवीस एलिक्सर आणि अकरा मेगालिक्सर शिल्लक. आता तिसऱ्यांदा सुरू करतोय. या गेममध्ये मागच्या डावातला साठा पुढच्या डावात नेता येत नाही.