एका देखण्या ड्रॉपडाउनच्या शिल्पकारास

रा. रा. डिझायनरसाहेब यांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या कर्जाच्या अर्जावरचा ‘जिल्हा निवडा’ हा नवा ड्रॉपडाउन फार देखणा झालाय म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की मला दिसत नाही. मी एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर ऐकत संगणक चालवतो. पण धाकट्या भावानं साग्रसंगीत वर्णन केलं. कोपरे गोल, खाली मंद सावली, क्लिक केलं की बाण गर्रकन उलटा होतो आणि यादी ओघळत खाली येते. इतकी नजाकत हल्ली लग्नपत्रिकेतही उरलेली नाही.

त्या जागी पूर्वी ब्राउझरचा साधा सिलेक्ट होता. 1995 सालच्या एचटीएमएल 2.0 मध्येही असलेला, करडा, ओबडधोबड. त्याला तुम्ही नारळ दिलात. होतं काय त्याच्यात? टॅब दाबला की सापडायचा. ‘जिल्हा, कॉम्बो बॉक्स, कोलॅप्स्ड’ असं स्वतःचं नाव, काम आणि अवस्था एका दमात सांगायचा. ऑल्ट आणि खालचा बाण दाबला की उघडायचा, नावाची पहिली अक्षरं टाइप केली की तिथं उडी मारायचा, एस्केपवर निमूट मिटायचा. मोबाइलवर तर त्या फोनचीच, बोटांच्या सवयीची यादी पुढे करायचा. लेबल तेवढं नीट जोडावं लागायचं, बाकी यातल्या कशासाठीही तुमच्याकडच्या कुणी कोडची एक ओळ लिहिलेली नव्हती. फुकटच्या मालाला किंमत नसते, तसंच झालं.

तुमची कलाकृती म्हणजे एक डिव्ह, कोडमधली नुसती रिकामी चौकट. बडा घर, पोकळ वासा. मी टॅब दाबत गेलो: नाव, मोबाइल क्रमांक, पिनकोड आणि थेट ‘अर्ज सादर करा’. केला सादर. काहीच घडेना. वर लाल अक्षरांत ‘जिल्हा निवडा’ असं आलंय, हेही भावानंच सांगितलं. मग बाणांनी एकेक ओळ चाचपत वर गेलो, तेव्हा एनव्हीडीए म्हणाला, ‘जिल्हा निवडा, क्लिकेबल’. एंटर दाबला. यादी उघडली. कुठे? तर पानाच्या पार शेवटी, गोपनीयता धोरण ओलांडून, ‘सर्व हक्क सुरक्षित’च्याही खाली! डोळसांना ती चौकटीला चिकटलेली दिसते, पण कोडमध्ये तिचं बिऱ्हाड तिथं आहे. सगळेच्या सगळे 36 जिल्हे तळाच्या त्या ओळीपलीकडे नेऊन वसवण्याचा मान तुमचाच. आणि क्रम? नावं मराठी, क्रम इंग्रजी स्पेलिंगचा. धुळ्यानंतर गडचिरोली. आता बोला.

तक्रार केली, तर तुम्ही तत्परतेनं त्या डिव्हवर ‘आरिया’ची, म्हणजे स्क्रीनरीडरला घटकाची ओळख सांगणाऱ्या खुणांपैकी, ‘कॉम्बोबॉक्स’ अशी चिठ्ठी डकवलीत, त्याला टॅबच्या वाटेवर आणून बसवलंत आणि ‘आता सर्वांसाठी सुलभ’ असं जाहीर केलंत. साहेब, आरिया फक्त काय ऐकू येईल ते बदलतं. कळा दाबल्यावर काय व्हायचं, ते तुम्हालाच लिहावं लागतं. त्यामुळे बाण दाबला तर स्वारी ढिम्म, आणि यादी उघडली तरी ‘कोलॅप्स्ड’चाच धोशा. आधी तो मुका होता, आता खोटं बोलतो. मला मुका परवडला होता.

कॉम्बोबॉक्स ही भल्याभल्यांची दमछाक करणारी चीज आहे. 2014 च्या आरिया 1.0 मध्ये त्याची एक मांडणी होती, 2017 च्या 1.1 मध्ये ती बदलली, आणि 2023 च्या 1.2 मध्ये पुन्हा फिरून जवळपास पहिल्या वाटेला आली. हे काम तुम्ही रिलीजच्या आदल्या संध्याकाळी उरकलंत, याचं कौतुक करावं तितकं थोडं. बाय द वे, आरिया लिहिणाऱ्या मंडळींचाच पहिला नियम असा आहे की ब्राउझरकडे तयार घटक असेल तर तोच वापरावा. पण नियम कोण वाचतो!

हे फक्त अंधांचं रडगाणं समजू नका. माझ्या आईला चष्म्यानं छान दिसतं, पण हात थरथरतो. माउस केसभर सरकला की तुमची यादी रुसून बंद होते. जन्मवर्षाची यादी तर चालू वर्षापासून सुरू होते. 1951 गाठेपर्यंत तिला आख्खं आयुष्य उलटं जगावं लागतं. चार आकडे टाइप करू दिले असते तर काय बिघडलं असतं? ब्रिटिश सरकारची संकेतस्थळं जन्मतारीख तीन साध्या चौकटींत विचारतात. तिथं ड्रॉपडाउनच नाही.

30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. विषय होता ई-केवायसीचा, म्हणजे तुमच्याच गल्लीतला. तुमच्या कायदा विभागाला विचारून बघा. त्यांना क्लिक न करता गाठता येत असेल तर.

राहता राहिला ब्रँडचा रंग. जुन्या सिलेक्टला मनासारखं सजवता येत नव्हतं, हे गाऱ्हाणं खोटं नव्हतं. पण 2025 मध्ये क्रोम 135 आलं आणि त्याच सिलेक्टला सीएसएसमधून हवं तसं नटवायची सोय झाली. गोल कोपरे घ्या, सावली घ्या, बाण गरागरा फिरवा. ज्या ब्राउझरला हे कळत नाही, तिथं जुना करडा चौकोन दिसेल आणि तो चालेल. आता कुठली सबब काढणार, याची उत्सुकता आहे. मागच्या वेळी ‘आमचे वापरकर्ते कीबोर्ड वापरत नाहीत’ ही होती. टॅबनं आत शिरताच येत नसेल, तर कसे वापरतील?

माउस काढून ठेवा आणि स्वतःच्या अर्जात स्वतःचा जिल्हा भरून बघा. सोबत चहा घ्या, वेळ लागेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
जिल्हा नसलेला एक अर्जदार

ता. क. हे पत्र खासगीतच पाठवणार होतो. पण आता तुमच्या तक्रार अर्जात ‘तक्रारीचा प्रकार’ निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि तोही ड्रॉपडाउन तुमच्याच हातचा आहे.